तपासाच्या बातमीतून इंग्रजी शब्दसाधना



मराठी माध्यमाच्या शाळेत मूल घालताना पालकांच्या मनात एक शंका असतेच: या मुलाचे इंग्रजी कसे होणार? महाराष्ट्राबाहेर ही शंका अधिक गडद होते. घरात मराठी, शेजारी आणि बाजारात प्रांताची भाषा, आणि पुढील शिक्षणासाठी इंग्रजी, अशी तिहेरी कसरत मुलाला करावी लागते. मग शब्दार्थांच्या वह्या भरल्या जातात. रोज दहा शब्द पाठ होतात आणि परीक्षा सरली की विसरलेही जातात. ते विसरले जातात, कारण ते एकटे आलेले असतात. त्यांच्यामागे प्रसंग नसतो, माणसे नसतात.

शब्दाला प्रसंग मिळवून देणारे एक साधन रोज सकाळी दारात येऊन पडते. ते म्हणजे वर्तमानपत्र. आणि त्यातही गुन्ह्याच्या तपासाची बातमी. ही बातमी लहान असते, वाक्ये सरळ असतात, आणि काय घडले, कुठे, केव्हा, कोणी, या प्रश्नांभोवती ती फिरते. पुढे काय झाले हे जाणून घेण्याची उत्सुकता वाचकाला दुसऱ्या दिवशीही त्या पानाकडे ओढते. शिवाय या बातम्यांचा शब्दसंग्रह मर्यादित असून तेच शब्द पुनःपुन्हा भेटतात. भाषा शिकणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार?

एकाच प्रकरणाच्या बातम्या काही आठवडे जपून ठेवल्या, तर शब्दांचा एक जिनाच उभा राहतो. आरंभी ‘कम्प्लेंट’ म्हणजे तक्रार असते, मग ‘एफआयआर’ म्हणजे प्रथम खबर, त्यानंतर ‘इन्व्हेस्टिगेशन’ म्हणजे तपास. ज्याच्यावर संशय आहे तो ‘सस्पेक्ट’, म्हणजे संशयित. पोलिसांनी त्याला ‘डिटेन’ केले म्हणजे चौकशीसाठी ताब्यात घेतले. ‘अरेस्ट’ केले म्हणजे अटक केली. अटकेनंतर 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. हे बंधन राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने घातले आहे. तेथून ‘पोलीस कस्टडी’ किंवा ‘ज्युडिशियल कस्टडी’ हे शब्द येतात. मराठीत पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी. पुढे ‘चार्जशीट’ म्हणजे आरोपपत्र, ‘ट्रायल’ म्हणजे खटला, आणि अखेरीस ‘अक्विटेड’ म्हणजे निर्दोष मुक्त, किंवा ‘कन्व्हिक्टेड’ म्हणजे दोषी ठरलेला. एक माणूस या जिन्यावर असतो आणि प्रत्येक पायरीवर त्याच्यासाठीचा शब्द बदलतो.

शब्दकोशात समानार्थी वाटणारे शब्दही येथे निरनिराळे होतात. ‘थेफ्ट’ म्हणजे चोरी, ‘बर्गलरी’ म्हणजे घरफोडी. बळजबरी करून किंवा तत्काळ इजेची भीती दाखवून केलेली चोरी ती ‘रॉबरी’, म्हणजे जबरी चोरी. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली, किंवा तिचा प्रयत्न केला, की ती ‘डकॉइटी’, म्हणजे दरोडा. 1860 च्या भारतीय दंड संहितेत पाच जणांची ही अट होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहे. चार शब्द मराठीतही चारच आहेत. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या मुलाला चोरी आणि दरोडा यांतील अंतर आधीच ठाऊक असते. इंग्रजीत त्याला नवी कल्पना शिकावयाची नसते, जुन्या कल्पनेचे नवे नाव तेवढे शिकावयाचे असते. मातृभाषा पक्की असण्याचा लाभ तो हाच.

काही शब्द तर इथूनच तिकडे गेले. ‘लूट’ आणि ‘ठग’ हे इंग्रजी शब्दकोशात कायमचे वस्तीला आहेत, आणि ‘पंचनामा’ भारतातील इंग्रजी वृत्तपत्रांत अनुवादावाचूनच छापला जातो. काही शब्दांचे मूळ दूरचे आहे. तपासाचा धागा या अर्थाचा ‘क्लू’ हा शब्द खरोखरच सुताच्या गुंडीपासून आला. चक्रव्यूहासारख्या भुलभुलैयातून सुताच्या आधाराने बाहेर पडणाऱ्या वीराची ग्रीक कथा त्याच्यामागे आहे. ‘ॲलिबाय’चा लॅटिन अर्थ ‘अन्यत्र’. गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडे होतो, असा आरोपीचा बचाव. ‘फिंगरप्रिंट’ या शब्दाशी तर भारताचा जवळचा संबंध आहे. 1897 साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले आणि ठशांच्या वर्गीकरणाच्या पद्धतीत अझीझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. अशी कथा सोबत आली की शब्द पाठ करावा लागत नाही.

परंतु या बातम्यांतील सर्वांत मोलाचा शब्द वेगळाच आहे. तो म्हणजे ‘अलेज्ड’, मराठीत ‘कथित’. त्याने चोरी केली, आणि त्याने चोरी केल्याचा आरोप आहे, या दोन वाक्यांमध्ये एका माणसाची अब्रू उभी असते. ‘पोलीस सेड’ म्हणजे पोलिसांनी सांगितले, ‘क्लेम्ड’ म्हणजे दावा केला, ‘कन्फर्म्ड’ म्हणजे दुजोरा दिला. क्रियापद बदलले की सत्याचे वजन बदलते. ‘कन्फेस्ड’ म्हणजे कबुली दिली, हे वाचून वाचक निकाल लावून मोकळा होतो. पण पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली सामान्यतः न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. ‘सस्पेक्ट’ला ‘कल्प्रिट’ म्हणणारा विद्यार्थी केवळ भाषेची चूक करीत नाही, तो एखाद्यावर अन्यायही करतो. दूरध्वनीच्या पडद्यावर आलेली प्रत्येक बातमी पुढे धाडण्याच्या काळात हा विवेक गुणपत्रिकेतील गुणांहून मोठा आहे.

गुन्ह्याच्या बातम्या मुलांना द्याव्यात का, ही पालकांची शंका रास्त आहे. निवड मोठ्यांनीच करावी. चोरी, फसवणूक, बनावट कागदपत्रे, हरवलेल्या वस्तूंचा शोध अशा बातम्या घ्याव्यात. रक्तपाताचे आणि अत्याचाराचे तपशील बाजूला ठेवावेत. अत्याचारपीडित बालकांची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे. बातमीत नाव का नाही, हे सांगणे हाही एक धडाच आहे.

रीत अगदी सोपी आहे. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे पुरतात. एकाच घटनेची मराठी आणि इंग्रजी बातमी शेजारी ठेवावी. मुलाने आधी मराठी वाचावी, मग इंग्रजी. पाच नवे शब्द अधोरेखित करावेत आणि त्यांचे मराठी प्रतिशब्द शेजारच्या बातमीतूनच शोधावेत. कोश शेवटी उघडावा. त्यानंतर ती घटना स्वतःच्या चार इंग्रजी वाक्यांत सांगावी, आणि त्यांतील किती वाक्ये सिद्ध झालेली आहेत व किती केवळ आरोपाची, हे ओळखावे. आजी-आजोबांना मराठी बातमी वाचून दाखविण्याचे काम दिले, तर घरातील तिन्ही पिढ्या या अभ्यासात येतात.

या शब्दज्ञानाची खरी परीक्षा शाळेबाहेर होते. तोतया अधिकारी व्हिडिओ कॉलवरून ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देतात आणि भेदरलेली माणसे आयुष्यभराची पुंजी त्यांच्या खात्यात भरतात. सुशिक्षितही त्यात फसतात, कारण इंग्रजीतील सरकारी शब्दांचा धाक मोठा असतो. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असे काहीही नाही. ‘समन्स’, ‘वॉरंट’ आणि ‘अरेस्ट’ यांतील फरक जाणणारी नातवंडे घरात असतील, तर तो कॉल तत्काळ बंद होईल, आणि पैसे गेलेच असतील तर 1930 या साहाय्य क्रमांकावर विनाविलंब तक्रार होईल.

इंग्रजीची भीती ही बहुतांशी अर्धवट समजलेल्या शब्दांची भीती असते. ज्या मुलाला प्रत्येक शब्दाचा नेमका अर्थ आपल्या भाषेत सांगता येतो, त्याला तो शब्द कोणीही धाक दाखवण्यासाठी वापरू शकत नाही. अशी मुले घडविणे हेच मराठी शाळेचे काम आहे, आणि घराची साथ मिळाली तर ते अवघड नाही.