आवाज म्हणजे शक्ती नव्हे



रात्रीचे अकरा वाजलेले असतात. घराघरांतील दिवे मालवलेले असतात. परीक्षा तोंडावर आलेला एखादा विद्यार्थी तेवढा पुस्तक उघडून बसलेला असतो. अशा वेळी मुख्य रस्त्यावरून एक मोटारसायकल धडधडत येते आणि चौकात बंदुकीचा बार उडावा तसा आवाज करून निघून जाते. पाळण्यातले मूल दचकून उठते, आजारी म्हाताऱ्याची झोप मोडते, गोठ्यातील जनावर दावे ताणते. सकाळी पारावर याची चर्चा होते आणि ‘पोराने पुंगळी काढली आहे’ एवढ्यावर ती संपते. ही पुंगळी म्हणजे काय, ती काढल्याने वाहनाचे आणि गावाचे काय होते, याचा विचार मात्र सहसा होत नाही. तो आज करावयाचा आहे.

मोटारसायकलच्या इंजिनात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटते आणि तयार झालेला वायू दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, रेटा देतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात हे ज्वलन सेकंदाला २५ वेळा घडते. प्रत्येक वेळी जळलेला वायू बाहेर सोडण्यासाठी झडप उघडते. त्या क्षणी वायूवर अजून बराच दाब असतो. तो एकदम मोकळा झाला की धक्का बसतो आणि आवाज होतो. हा आवाज शमविण्यासाठी अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली एका साधनाचे पेटंट घेतले. आजचा सायलेन्सर त्याच कुळातला. त्याच्या पोटात कोठड्या, आडवे पडदे आणि छिद्रे पाडलेल्या नळ्या असतात. कोठड्यांत वायू पसरतो, त्याचा दाब उतरतो आणि ध्वनिलहरी एकमेकींवर आपटून क्षीण होतात. काही प्रकारांत काचतंतूंचे वेष्टण ध्वनी शोषून घेते. ही आतील नळी म्हणजेच पुंगळी. ती काढली की उरते ती पोकळ नळी.

‘पुंगळी काढली की गाडीला मोकळा श्वास मिळतो, पिकअप वाढतो,’ असा तरुणांचा व काही मेकॅनिक मंडळींचाही समज आहे. या समजात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो टिकून राहिला आहे. धूर बाहेर नेणाऱ्या नळीची रचना इंजिनाच्या शक्तीवर परिणाम करते, हे खरे. पूर्व जर्मनीतील एम. झेड. कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांनी १९६१ पर्यंत अवघ्या १२५ सी. सी. च्या टू-स्ट्रोक शर्यती इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती मिळविली. त्यात नळीच्या आकाराचा वाटा मोठा होता. नळीतून गेलेली दाबाची लहर परत फिरून नेमक्या क्षणी सिलिंडरच्या तोंडाशी यावी, अशा बेताने त्यांनी तिची लांबी, रुंदी आणि उतार ठरविला होता. म्हणजे लाभ झाला तो मापाचा. आवाज हा त्या मापाचा हेतू नव्हता.

रस्त्यावरच्या वाहनाचा सायलेन्सरही असाच हिशेबाने बनविलेला असतो. कारखान्यात इंजिन, इंधनपुरवठा आणि सायलेन्सर यांचा मेळ घालून चाचण्या झालेल्या असतात. पुंगळी काढली की हा मेळ बिघडतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण कमी पडून इंजिन अधिक तापण्याचा संभव असतो. शहरात व गावात ज्या कमी वेगाने गाडी चालवावी लागते, त्या वेगाला ओढ कमी होऊ शकते. कानाला मात्र गाडी जोरात धावते आहे असे वाटत राहते. बुलेटची जी भारदस्त धडधड अनेकांना आवडते, तीदेखील मोठ्या एकेरी सिलिंडरच्या रचनेतून येते. तिच्यासाठी सायलेन्सर फोडण्याची गरज नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा हे उत्सर्जन मानक लागू झाले. या मानकाच्या पेट्रोल वाहनांच्या धूरनळीत उत्प्रेरक परिवर्तक बसविलेला असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंच्या साहाय्याने तो कार्बन मोनॉक्साइडसारख्या विषारी वायूंचे रूपांतर कमी अपायकारक वायूंत करतो. बाजारातील पोकळ नळी बसविताना हा भाग अनेकदा काढून टाकला जातो. फटाक्यासारखा आवाज काढण्यासाठी धावत्या गाडीची ठिणगी क्षणभर बंद करतात. तेव्हा न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन पेटते. फटाका वाजतो तो मालकाच्याच पैशाच्या इंधनाचा. परिवर्तक शाबूत असेल, तर अशा तापाने तोही वितळू शकतो.

आता कानाचा विचार. ८० ते १७५ सी. सी. च्या मोटारसायकलीस कारखान्यातील चाचणीत ७७ डेसिबल आणि त्याहून मोठ्या मोटारसायकलीस ८० डेसिबल, अशी आवाजाची मर्यादा २००५ पासून घालण्यात आली. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. दहाने वाढ झाली की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, वीसने झाली की शंभरपट. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल हे मानक ठरविले आहे. कानाच्या आतील ज्या सूक्ष्म केशपेशी ध्वनी ग्रहण करतात, त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या आवाजाच्या सर्वांत निकट, रोज तासन् तास असतो तो गाडी चालविणारा तरुणच.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक मोटार वाहनास सायलेन्सर आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मनमानी फेरबदल करता येत नाहीत. २०१९ च्या सुधारणेने अशा प्रत्येक फेरबदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. ध्वनी व वायुप्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९० अन्वये पहिल्याच गुन्ह्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तीन महिने परवानाही गमवावा लागतो. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले आहेत.

तथापि, एक सायलेन्सर चिरडला तरी दुसरा विकत मिळतो. म्हणून शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे ठरते. विज्ञानाच्या तासाला ध्वनीचा पाठ शिकविताना सायलेन्सरचा छेद फळ्यावर काढता येईल. ग्रामसभेत हा विषय मांडता येईल आणि गावातील गॅरेजचालकांना विश्वासात घेता येईल. समज देऊनही न ऐकणाऱ्याच्या वाहनाचा क्रमांक व वेळ पोलीस ठाण्यास कळविता येईल.

त्या तरुणाला गावाचा शत्रू मानण्याचे कारण नाही. त्याला यंत्राची आवड आहे आणि ही आवड चांगली आहे. साफ एअर फिल्टर, योग्य ताणाची चेन, टायरमधील योग्य हवा आणि नीट जुळविलेल्या झडपा यांनी गाडीची खरी ओढ टिकते, हे त्याला कोणी तरी दाखविले पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाची वाट दाखविली, तर हीच आवड त्याचे उपजीविकेचे साधन होऊ शकेल. दंडाच्या पावतीने हे काम अर्धेच होते. उरलेले अर्धे शाळेत आणि ग्रामसभेत व्हावयाचे आहे.