कुलूपबंद इमारतीची देखभाल

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागली आणि सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानांपासून अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेल कारखान्यांपर्यंत शटर खाली आलं. माणसं घरी बसली. इमारती मात्र आतून बिघडत राहिल्या.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे प्रत्येक व्यापारी संकुलावर टाकी असतेच. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत ते पाणी साचून राहिलं, की त्यातलं क्लोरीन उडून जातं आणि लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो. साधारण 25 ते 45 अंश हे त्याच्या सोयीचं तापमान, म्हणजे आपला उन्हाळाच! 1976 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात साथ पसरली, त्यानंतर तो ओळखला गेला. पाणी पिण्यापेक्षा त्याचे तुषार श्वासातून आत जाणं अधिक घातक. म्हणून बंद इमारत उघडताना आधी टाकी रिकामी करून धुवायची, मग प्रत्येक नळ काही मिनिटं वाहू द्यायचा. पाणीटंचाईच्या गावात हे जिवावर येतं, कबूल. ते पाणी फरशी धुवायला वापरा.

मोरीच्या जाळीखालचं पाणी आटलं, तर गटाराचा वास आत येतो. तिथं बादलीभर पाणी ओतलं की झालं. वायरी मात्र उंदरांनी कुरतडल्या नाहीत ना, हे वायरमनकडून पाहून घेतल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका. कारखान्यात तर मागांवर साचलेली सुताची तूस पेटायला एक ठिणगी पुरते.