एका सत्रापुरती जर्मनी

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या तेराजणी. आज आमच्यातल्या एकीच्या लेकीबद्दल बोलणार आहोत. पोरगी पुण्यात शेतीचं एम.एस्सी. करते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती जर्मनीत ग्योटिंगेन या शहरात शिकायला गेली आणि मार्च २०२५ मध्ये परत आली. कायमची नाही, नोकरीला नाही, एका सत्रापुरती. दोन कॉलेजांचा तसा करार असला की विद्यार्थी फी आपल्याच कॉलेजात भरतो, तिकडं सहा महिने शिकतो, आणि तिकडचे गुण इकडं धरायचे असतात. ते धरले गेले का, ते पुढं सांगतो.

एवढं समजायला आम्हाला दोन बैठका लागल्या. तिच्या आईनं गटाकडं साठ हजारांचं कर्ज मागितलं होतं. एकीनं तोंडावर विचारलं, "शेळ्या घेतल्या तर दारात शेळ्या दिसतात. हे पैसे कुठं दिसणार?" प्रश्न काही वावगा नव्हता. पण दुसरी म्हणाली, लग्नाला मागितले असते तर पाच मिनिटांत सह्या केल्या असत्या की आपण. मग जरा वेळ कुणीच बोललं नाही. कर्ज दिलं. दोघींनी नको म्हटलं, तेही वहीत लिहिलेलं आहे.

गावात आवई उठली की पोरीच्या बापानं जर्मन सरकारला साडेपाच लाख भरले. तसं नसतं, बायांनो. व्हिसा मिळवायचा तर तिथं राहण्याचा खर्च आपल्यापाशी आहे हे आधी दाखवावं लागतं. त्या वेळी तो महिन्याला ९९२ युरो होता, म्हणजे सहा महिन्यांचे ५,९५२. हे पैसे पोरीच्याच नावानं एका बंद खात्यात राहतात आणि तिथं गेल्यावर तिला दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळते. त्यातच खोलीचं भाडं, खाणंपिणं आणि सक्तीचा आरोग्य विमा. सरकारच्या खिशात जात नाहीत. पण उभे करावे लागतात हे खरं, आणि ते वडील, मामा आणि आत्या यांनी मिळून केले. आमचे साठ हजार विमानाच्या तिकिटाला गेले.

बॅग भरताना कंदी पेढे आणि तुपाची बरणी बाहेर काढावी लागली. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला तिकडं नेता येत नाहीत. ज्वारीचं पीठ आणि चटणी गेली.

पहिले दोन महिने पोरगी फोनवर नुसती 'हं, हं' करायची. डिसेंबरात तिथं सव्वाचारला सूर्य मावळतो आणि सकाळी आठ वाजून गेले तरी उजाडत नाही. रविवारी दुकानं बंद. आई आम्हाला म्हणायची, हिला परत बोलावू का? वडील म्हणायचे, पैसे भरलेत. आम्ही रोज एकीनं फोन करायचा असं ठरवलं. तिचा वर्ग चारला सुटला की इथं साडेआठ वाजलेले असायचे, भाकरी टाकायची वेळ. टाकता टाकता बोलायचो.

त्यातच तिनं सांगितलं की तिथं साखर उसाची नसते, बीटाची असते. आपल्या कोशिंबिरीतलं लाल बीट नव्हे. पांढरट, मुळ्यासारखा जाडजूड कंद. वर्गाला शेतावर नेलं होतं. एक मोठं यंत्र एका वेळी सहा ओळींचा पाला छाटून कंद उपटत जातं, वर माणूस एकच. तिनं विचारलं, यंत्र नव्हतं तेव्हा कोण काढायचं? तेव्हा कळलं, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पूर्वेकडून, पोलंडच्या बाजूनं, मजुरांच्या टोळ्या हंगामाला यायच्या. त्यात बाया पुष्कळ. पोरगी म्हणाली, आमच्याकडं अजून येतात. शिक्षिका म्हणाल्या, मग त्यावर तूच वर्गाला सांग.

आता पंचाईत आली. टोळ्या आमच्याच शिवारात उतरतात, बीडकडच्या. आम्ही त्यांना वर्षानुवर्षं बघतो, पण विचारलं कधी काय? पोरीनं फोनवर प्रश्न लिहून घ्यायला लावले आणि आम्ही चौघी कोपींवर गेलो. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, हे आम्हाला माहीत होतं. उचल कुणाच्या हातात पडते, हे विचारलं नव्हतं. सातजणींशी बोललो. एकीच्याही हातात पडलेली नव्हती. एक ओली बाळंतीण मोळ्या वाहत होती. "संडासला कुठं जाता?" यावर त्या हसल्याच. तुमच्याच उसात, म्हणाल्या.

पोरीनं ते सगळं तिथं सांगितलं. तिथं व्याख्यान संपलं की टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. तिला वाटलं, कुणी रागावलं की काय! त्या विषयाला तिला १.३ गुण मिळाले. आईनं ऐकून डोळे पुसले. तिथं १ म्हणजे सगळ्यात चांगलं आणि ५ म्हणजे नापास, हे समजावता समजावता रात्र झाली.

यंदा टोळी उतरली तेव्हा समाजमंदिराच्या संडासाची एक किल्ली आम्ही मुकादमाला नाही, तिथल्या बाईला दिली. त्यावरून ग्रामपंचायतीत दोनदा बोलणी खाल्ली. किल्ली अजून तिच्याकडेच आहे.

गुणांचं मात्र असं झालं की दोन विषय इकडच्या कॉलेजनं धरले नाहीत आणि तिला ते पेपर इथं पुन्हा द्यावे लागले. म्हणून तुमच्यापैकी कुणाची मुलगी जाणार असेल तर कुठला विषय कशाच्या बदल्यात धरणार, हे जाण्याआधी लेखी घ्या, दोन्हीकडच्या सह्यांनिशी. पासपोर्ट आधीच काढून ठेवा. साधी फी १,५०० रुपये आहे, सज्ञान मुलीला तो दहा वर्षं चालतो. नावाचं स्पेलिंग दहावीच्या दाखल्यासारखंच हवं.

कर्जाचे चोवीस हप्ते ठरले होते, सतरा आले. एकही चुकला नाही. शेळ्यांचं विचारणारी आमची मैत्रीण वही लिहिते, तिनंच हा आकडा आज सांगायला लावलाय.