आधी जागेचा कागद वाचायला शिकवू या

(शहरी गृहनिर्माण धोरण आणि अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण या विषयावरील परिषदेत केलेले स्वागताध्यक्षीय भाषण)



करवीरनिवासिनी अंबाबाईच्या आणि राजर्षी शाहू महाराजांच्या या नगरीत मी स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत करतो. मी व्यवसायाने सिव्हिल इंजिनिअर. लोकांच्या घरांचे नकाशे काढायचे आणि ते घेऊन सरकारी खिडकीपुढे उभे राहायचे, यात माझे आयुष्य गेले. आज खिडकीच्या आत बसणारी मंडळी पाहुणे म्हणून आली आहेत आणि त्यांचे स्वागत करण्याचा मान बाहेर उभ्या राहणाऱ्याला मिळाला आहे. आयोजकांच्या या योजकतेबद्दल मी त्यांचे आभार मानतो.

घरांचे धोरण आणि अधिकाऱ्यांचे शिक्षण हे दोन विषय एकत्र घेऊन चर्चा करायला कोल्हापूरइतके योग्य गाव क्वचितच सापडेल. अधिकारी शिकवून तयार करावा लागतो, हे या संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. 1918 मध्ये महाराजांनी कुलकर्णी वतने बंद केली आणि पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली. ज्यांच्या घरात कधी दप्तर आले नव्हते अशा तरुणांना, त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांनाही, त्यांनी या कामाचे शिक्षण दिले. गावच्या पाटलांसाठी पाटील शाळा काढली. वतन गेले आणि त्याच्या जागी शिक्षण आले. आजच्या भाषेत त्याला प्रशासकीय सुधारणा म्हणतात.

घरांच्या बाबतीतही महाराजांची दृष्टी अशीच होती. खेड्यातला मुलगा शिकायला शहरात आला तर राहणार कुठे, या प्रश्नाला त्यांनी वसतिगृहांनी उत्तर दिले. 1901 पासून एकामागून एक समाजाची बोर्डिंगे उभी राहिली आणि त्यांना संस्थानाने जागा आणि मदत दिली. दसरा चौकाच्या आसपास फिरलात तर त्यांतली काही आजही दिसतील. व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, वडिलांच्या नावे जयसिंगपूर वसवले. पुढे राजारामपुरी आखली गेली. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतो आणि नवखा माणूस न चुकता घरी पोहोचतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. आधी जागा ठरली, तिची आखणी झाली आणि मग माणसे राहायला आली.

परक्यांना घर देण्याचीही या गावाला सवय आहे. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी 1943 ते 1948 या काळात इथून जवळच वळिवडे येथे होती. ते गेल्यावर फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे तिथे आली. आज तेच गांधीनगर कापडाची मोठी पेठ म्हणून ओळखले जाते. तात्पुरत्या बराकींची कायमची बाजारपेठ झाली.

हे सारे अभिमानाने सांगितले, कारण पुढचे सांगताना तितका अभिमान वाटत नाही.

कोल्हापूरची नगरपालिका 1854 ची आणि महापालिका 1972 ची. शहराचे क्षेत्र सुमारे 67 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या होती साडेपाच लाखांच्या आसपास. महापालिका झाल्यानंतरच्या पन्नास वर्षांत माणसे वाढली, पण हद्द वाढली नाही. हद्दवाढ हवी की नको या वादात मी आज शिरत नाही. पाहुण्यांसमोर घरातले भांडण काढू नये. पण वस्ती हद्दीपाशी थांबली नाही. पाचगाव, उचगाव, कळंबा, मोरेवाडी या गावांची शेते बघता बघता कॉलन्या झाल्या. 2017 मध्ये 42 गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमले गेले. शासन पोहोचेपर्यंत गुंठे विकून झाले होते.

मित्रहो, घर पैशासाठी अडते असा आपला समज असतो. थोडेफार ते खरेही आहे. पण माझ्या अनुभवात घर त्याहून जास्त वेळा जागेच्या कागदापाशी अडते. एक उदाहरण घेऊ. समजा, धुण्याभांड्याची कामे करणारी एक बाई आहे. तिच्या नवऱ्याने वीस वर्षांपूर्वी स्टॅम्पपेपरवर अर्धा गुंठा घेतला आणि वर पत्र्याचे घर बांधले. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख रुपये मिळतात, हे तिला कळते आणि ती अर्ज करते. तिला विचारतात, जागा तुमच्या नावावर आहे का? सातबारावर मूळ शेतकऱ्याचे नाव असते. तो वारला असेल तर वारस नोंद झालेली नसते. प्लॉट मंजूर रेखांकनातला नसतो. योजनेचा पैसा तिजोरीत असतो, बाई पात्र असते, तिची गरज खरी असते आणि तरीही अर्जावर त्रुटीचा शेरा बसतो.

या बाईसाठी कायदा नाही असे नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 मध्ये झाला. 2021 मध्ये त्यात सुधारणा होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची प्रकरणे त्यात बसवता आली. झोपडपट्टीचा कायदा 1971 चा आहे. मिळकत पत्रिकेवर 'ब' सत्ता प्रकाराची नोंद असलेल्या मिळकती हा तर खास कोल्हापूरचा विषय. इथल्या सिटी सर्व्हेच्या टेबलावर काम केलेल्या प्रत्येकाला तो तोंडपाठ आहे. मग अडते कुठे? घराची योजना ज्या टेबलावर आहे, त्याला गुंठेवारीची फाईल कशी हलते हे शिकवलेले नसते. गुंठेवारीचे टेबल ज्याच्याकडे आहे, त्याला घराच्या योजनेची मुदत कधी संपते हे माहीत नसते. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिकपणे काम करतात आणि बाई मात्र दोघांच्या मधे हेलपाटे घालत राहते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट आहे. 2019 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. पाणी चढले की सुतारवाड्यासारख्या सखल वस्त्यांतल्या कुटुंबांना सर्वांत आधी घर सोडावे लागते. पूररेषेच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात. त्या रेषांचा अर्थ बांधकाम परवानगी देणाऱ्याला कळतो. पण घरकुलाच्या यादीत नाव घालणाऱ्या कर्मचाऱ्याने तो नकाशा कधी उघडून पाहिला नसेल, तर आपण सरकारी पैशाने बुडणारे घर बांधू. हा दोष त्या कर्मचाऱ्याच्या माथी मारता येणार नाही, कारण त्याला ते शिकवलेच गेले नाही.

आता शिक्षणाच्या व्यवस्थेकडे येतो. आपल्याकडे संस्थांची कमतरता नाही. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था 1926 पासून मुंबईत आहे. तिच्या एलएसजीडी आणि एलजीएस या पदविका घेतलेली माणसे प्रत्येक नगरपालिकेत भेटतात. पुण्याला यशदा ही प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. हडकोने 1985 मध्ये दिल्लीत मानवी वसाहतींच्या व्यवस्थापनाची प्रशिक्षण संस्था काढली. हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या संस्थेत तर जगभरच्या विकसनशील देशांतले अधिकारी घरांचे धोरण शिकून येतात. आता केंद्राच्या आयगॉट या प्रशिक्षण पोर्टलवर मोबाइलवरूनही अभ्यासक्रम पुरे करता येतो आणि प्रमाणपत्र मिळते. याचा उपयोग आहे, मी नाही म्हणत नाही. पण बटण पुढे पुढे दाबत मिळवलेल्या प्रमाणपत्राने वारस नोंद कशी शोधायची हे येत नाही.

खरी उणीव दुसरीकडेच आहे. घर हा विषय नेमका कोणाचा, हे आपल्या व्यवस्थेत ठरलेलेच नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी बारावे परिशिष्ट आले. त्यातल्या 18 कामांत झोपडपट्टी सुधारणा आहे, दारिद्र्य निर्मूलन आहे, पण गृहनिर्माणाचा वेगळा उल्लेख नाही. पंचायतींच्या अकराव्या परिशिष्टात मात्र ग्रामीण गृहनिर्माण स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे शहरात जमीन महसुलाकडे, मोजणी भूमी अभिलेखाकडे, आराखडा नगररचनेकडे, यादी महापालिकेकडे आणि म्हाडाचे मंडळ पुण्याला. आपण या पाचांना पाच ठिकाणी, पाच वेळा प्रशिक्षण देतो. पाचही जण शिकतात आणि काम पुन्हा तिथेच राहते.

यातून वेगळी वाट काढता येते याची उदाहरणे आहेत. श्रीलंकेने 1984 ते 1989 या काळात दहा लाख घरांचा कार्यक्रम राबवला. तिथे सरकारने घर बांधून देण्याऐवजी लोकांच्या बांधकामाला आधार द्यायचे ठरवले. म्हणजे अधिकाऱ्यांचे कामच बदलले. त्यामुळे प्रशिक्षणही वर्गातून उठून वस्तीत गेले. अधिकारी आणि रहिवासी एकत्र बसून प्लॉट, गटार, नळ आणि रस्ता यांचा आराखडा करू लागले.

इतके लांब जायचेही कारण नाही. मुंबईत 1985 मध्ये भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांची गणना झाली आणि त्यातून महिला मिलन या संघटनेचे काम उभे राहिले. आपल्या वस्तीची मोजणी आपणच करायची, घराचा नमुना आपणच उभारून पाहायचा, हे त्या बायकांनी करून दाखवले. त्यांच्याबरोबर काम करणारे झोपडपट्टीवासीयांचे नेते जोकिन अर्पुथम यांना 2000 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुण्यात येरवड्याला जुन्या वस्तीतच, गल्ल्या आणि शेजार न मोडता, 25 चौरस मीटरची घरे बांधली गेली. घराच्या खर्चात रहिवाशांनी स्वतःचाही वाटा घातला. सोलापूरजवळ कुंभारीला कामगार नेते आडम मास्तर यांच्या पुढाकाराने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली आणि त्यानंतर रे नगर. रे नगरच्या 30 हजारांपैकी पहिली 15 हजार घरे जानेवारी 2024 मध्ये लोकांना मिळाली. या तिन्ही ठिकाणी अधिकारी होतेच. पण समोरच्या माणसाला लाभार्थी न मानता भागीदार मानायला त्यांना शिकावे लागले आणि ते शिक्षण त्यांना लोकांनी दिले.

मे 2025 मध्ये राज्याने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. 2007 नंतर प्रथमच असे धोरण आले आहे. 2030 पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी 35 लाख घरांचे उद्दिष्ट त्यात आहे. केंद्राच्या आवास योजनेचा दुसरा टप्पाही 2024 मध्ये सुरू झाला. आकडे मोठे आहेत आणि हेतूही चांगला आहे. आता प्रश्न आहे तो हे धोरण टेबलापर्यंत नेणाऱ्या माणसाचा. म्हणून स्वागताध्यक्ष या नात्याने या परिषदेकडे तीन मागण्या करण्याची मुभा घेतो.

पहिली मागणी अशी की प्रशिक्षण खात्याचे न करता गावाचे करा. एका शहरातला कनिष्ठ अभियंता, नगररचना सहायक, तलाठी, सिटी सर्व्हेचा परिरक्षण भूमापक आणि समूह संघटिका यांना एकाच वर्गात बसवा. त्यांना त्यांच्याच शहरातली एक खरी वस्ती द्या, तिच्या खऱ्या फायली द्या. प्रशिक्षण संपेल तेव्हा त्यातल्या काही घरांचा मार्ग मोकळा झालेला असावा. परीक्षा तीच आणि निकालही तोच.

दुसरी मागणी बदल्यांविषयी. 2005 च्या बदली कायद्यात नेमणुकीचा सर्वसाधारण काळ तीन वर्षांचा धरला आहे. घरांच्या कामासाठी ज्याला शिकवले, त्याला निदान तेवढा काळ तरी त्याच टेबलावर ठेवा. आज शिकवायचे आणि उद्या पाणीपट्टीला पाठवायचे, याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही.

तिसरी मागणी ही की वर्गात शिकवायला रहिवाशांनाही बोलवा, मानधन देऊन आणि तज्ज्ञ म्हणून. तोच मान नगरसेवकांनाही द्या. वस्तीतली कोणती भिंत कोणाची, पाणी कुठपर्यंत चढते, कोणाचा कागद कोणाच्या पेटीत आहे, हे रहिवाशांना जितके माहीत आहे तितके कुठल्याच नकाशाला माहीत नाही. आम्ही इंजिनिअर आणि आर्किटेक्ट मंडळीही त्या वर्गात मागच्या बाकावर बसायला तयार आहोत. आमच्या संघटनांच्या वतीने मी तसा शब्द देतो.

पाहुणे मंडळींनो, दोन दिवस आपण आमच्यात राहणार आहात. तांबडा-पांढरा रस्सा, मिसळ, रंकाळ्यावरची संध्याकाळ हे सगळे आहेच. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांची वेगळी सोय केली आहे. राहण्या-जेवणात काही कमी-जास्त झाले तर आमचे कार्यकर्ते जवळच आहेत. त्यांना हक्काने सांगा आणि सांभाळून घ्या. पण उद्या सकाळची वस्तीभेट मात्र कोणी चुकवू नका. चर्चासत्रांत जे ऐकाल ते तिथे प्रत्यक्ष पाहायला मिळेल.

जाताना या परिषदेने ठरावांची लांबलचक यादी करू नये, एवढीच विनंती. प्रत्येकाने आपल्या शहरातली एक वस्ती निवडावी, तिच्या जागेचे कागद आपल्या पाच खात्यांच्या सहकाऱ्यांसोबत बसून वाचावेत आणि पुढच्या वर्षीच्या परिषदेत किती घरांना पाया मिळाला ते सांगावे. यजमानपदाची जबाबदारी घ्यायला कोल्हापूर पुन्हा तयार आहे.