जुनं भांडं, नवा साचा

आरे-वारे, गणपतीपुळ्याकडच्या जुन्या घरांत माळ्यावर चिनीमातीची बरणी सापडते. ती आजीची, म्हणूनच मोलाची. पण कुणी ‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट’ची जुनी फुलदाणी म्हणून काही पुढे केलं, तर जरा थांबा. मुंबईच्या या कलाशाळेत, म्हणजे आजच्या जे. जे.मध्ये, जॉर्ज टेरी यांनी १८७०च्या दशकात कुंभारकामाला चालना दिली. अजिंठ्याची नक्षी भांड्यांवर उतरली.

भांडं अस्सल की साच्यातली नक्कल, हे ओळखायला आधी आत हात घाला. चाकावरच्या भांड्यात बोटांची गोल वळणं लागतात. साच्यातल्याला सांध्याची उभी रेघ असते. घासली तरी तिरप्या उजेडात बहुधा दिसतेच. जुन्या भांड्यावरूनच साचा काढला, तर नक्षी बोथट होते. शिवाय माती वाळताना, भाजताना आकसते, त्यामुळे नक्कल मूळच्यापेक्षा लहान भरते. संग्रहालयांच्या नोंदींतली मापं इथे कामी येतात. तळाच्या शिक्क्यावर विसंबू नका, साच्यात तोही उतरतो! बूड पाहा: वर्षानुवर्षांची झीज वेडीवाकडी, पॉलिश पेपरची एकसारखी.

हौशी हातानं साच्यातून काढलेलं भांडं वाईट नव्हे. खुशाल घ्या, फक्त जुन्याचा भाव देऊ नका.