आमचा बागेतला खेळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला दोन शब्द बोलावेत असा निरोप आला, तेव्हा मला वाटले की शिवणवर्ग किंवा भिशीचा हिशेब यांपैकी कशावर तरी बोलायचे असेल. पण विषय निघाला बॅडमिंटनचा! आपल्या मंडळाच्या काही जणी संध्याकाळी बागेत जी पळापळ करतात, तिची हकीकत मी सांगावी असे कार्यकारिणीने ठरविले. त्या सर्वांत वयाने मोठी मी, आणि सर्वांत जास्त फुले जाळीत घालणारीही मीच. तेव्हा हा मान माझ्याकडे आला, यात नवल नाही.

सुरुवात अगदी साधी झाली. आम्ही पाच जणी बागेत फेऱ्या घालीत असू. फेऱ्या पायांच्या आणि गप्पा सुनांच्या! एके दिवशी शेजारच्या वहिनींनी मुलांच्या दोन रॅकेटी आणि एक प्लॅस्टिकचे फूल आणले. मुले त्याला शटल म्हणतात, आम्ही आपले फूल म्हणतो. दोन झाडांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली, तिच्यावर जुने लुगडे टाकले, की झाली जाळी. बाकावर बसलेल्या एका आजींनी विचारलेच, "काऊन वं बायांनो, हे काय म्हातारपणी?" आठ दिवसांनी त्याच आजी आमचे गुण मोजायला बसू लागल्या. त्यांच्या मोजणीत नेहमी त्यांची भाचीच जिंकते, ही गोष्ट वेगळी.

पुढे आम्ही मैदान नीट आखायचे ठरविले. तेथे आपला शिवणवर्ग उपयोगी पडला. शिंप्याची टेप साठ इंचांची असते, आणि जाळीची मध्यावरची उंचीही नेमकी तेवढीच, म्हणजे ५ फूट! मैदानाची लांबी ४४ फूट, म्हणजे नऊ टेपा आणि त्यातून एक फूट वजा. जोडीच्या खेळाला रुंदी २० फूट, म्हणजे बरोबर चार टेपा. रेघा रांगोळीने ओढल्या. वारा आला की रेघ पुसली जाते आणि फूल आत पडले की बाहेर, यावर खेळापेक्षा वाद अधिक रंगतो.

वारा हा या खेळाचा मोठा वैरी. स्पर्धेतले फूल सोळा पिसांचे असते आणि त्याचे वजन पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहात घालायच्या चमचाभर साखरेएवढे. चैत्र-वैशाखात संध्याकाळी वावटळ उठली, की आमचे फूल जाळीवरून न जाता बागेच्या कुंपणावरून जाते. म्हणूनच मोठ्या स्पर्धा बंद सभागृहात होतात. पण सभागृह नाही म्हणून कोणी थांबले नाही. १९८० साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकणारे प्रकाश पदुकोण लहानपणी बंगळूरला एका लग्नाच्या कार्यालयात सराव करीत. लग्न नसेल त्या दिवशी खेळ! आपण इतकी वर्षे कार्यालयात जातो, पण पंगतीपलीकडे आपले लक्ष कधी गेले नाही.

आणि हा खेळ परका आहे असे कोणी म्हणू नये. १८७० च्या सुमारास पुण्याच्या लष्करी छावणीत गोरे अधिकारी तो खेळत. त्यावरून त्याला 'पूना' असेच म्हणत. पुढे इंग्लंडातील बॅडमिंटन नावाच्या हवेलीवरून आजचे नाव रूढ झाले. पुण्याच्याच देवधर भगिनी, तारा, सुंदर आणि सुमन, यांनी १९४० नंतरच्या दशकात राष्ट्रीय स्पर्धा गाजविल्या. क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर यांच्या या मुली. आणि आपल्या विदर्भाचे म्हणाल, तर नागपूरच्या मालविका बनसोडने २०२२ च्या जानेवारीत दिल्लीच्या स्पर्धेत सायना नेहवालला हरविले. त्याच सायनाने २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले होते. नागपूर आपल्या वाशीमपासून काही फार लांब नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. आज मला एक कबुली द्यायची आहे.

मला साखरेचा विकार आहे, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. डॉक्टरांनी मला रोज अर्धा तास चालायला सांगितले होते. खेळायला सांगितले नव्हते. पण रॅकेट हातात आल्यावर मी घरी सांगितले, "डॉक्टरांनी बॅडमिंटन खेळायला सांगितले आहे." धादांत खोटे! पण त्याचा परिणाम काय सांगू! साडेपाच वाजले की ह्यांनी स्वतः म्हणावे, "अहो, तुमची वेळ झाली." औषधाची वेळ झाली म्हणतात ना, अगदी त्या सुरात.

दोन महिने असे गेले. एके दिवशी सूनबाई म्हणाली, "आई, मी येऊ का एखाद्या दिवशी?" ती शाळेत शिकविते. पाच वाजता घरी येते आणि आल्याबरोबर स्वयंपाकघरात शिरते. माझ्या तोंडून काय निघावे? मी म्हटले, "तुला ग काय झाले आहे? आणि कुकर कोण लावणार?" ती काही बोलली नाही. पदर खोचून आत गेली.

त्या संध्याकाळी बागेत माझे लक्ष खेळात लागेना. मी एकेकीकडे पाहू लागले. एकीला रक्तदाब, एकीचे गुडघे, एकीला थायरॉईड, एकीला झोप येत नाही. भगिनींनो, आमच्यात एकही निरोगी बाई नव्हती! जणू दवाखान्याबाहेरची रांगच रॅकेटी घेऊन उभी होती. निरोगी बाया कोठे होत्या? त्या घरी पोळ्या लाटीत होत्या. बाईने दुखण्यासाठी घराबाहेर पडले तर कोणी अडवीत नाही. पण मला खेळावेसे वाटते, एवढेच कारण सांगून बाहेर पडायचे धाडस मला साठीतही झाले नाही. आणि तिशीतल्या मुलीने ते केले, तर मीच तिला दारातून परत पाठविली.

या खेळाचा एक जुना नियम होता. सर्व्हिस ज्याच्या हाती, त्यालाच गुण. दुसऱ्याने कितीही चांगला खेळ केला, तरी त्याला फक्त सर्व्हिस मिळे, गुण नाही. २००६ साली तो नियम बदलला. आता जो डाव जिंकेल त्याला गुण. आमच्या घरात मात्र जुनाच नियम चालू होता आणि सर्व्हिस माझ्या हाती होती.

पंधरा दिवस मी हे मनातच ठेवले. मोठेपण सोडणे सोपे नसते. शेवटी एका रात्री जेवताना सर्वांसमक्ष सांगून टाकले, की डॉक्टर तसे काही म्हणाले नव्हते, मला खेळायला आवडते म्हणून मी जाते, आणि उद्यापासून सूनबाईही येईल. हे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या असतात?"

आता सोमवारी आणि गुरुवारी सासरे आणि मुलगा मिळून वरण-भात लावतात. भात कधी चिकट होतो. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. घरी आल्यावर ओटा पसरलेला दिसला, की अजून माझ्या कपाळाला आठी पडते. सूनबाईची सर्व्हिस मला घेता येत नाही, हेही थोडे टोचते. पण परवा ती जाळीपलीकडून मोठ्याने हसली, तेव्हा लक्षात आले, की लग्न होऊन सात वर्षे झाली, पण तिचे असे हसणे मी कधी ऐकले नव्हते.

आपल्या ओळीत अजून दोन घरे अशी आहेत, जेथील सुना गच्चीवरून आमचा खेळ पाहतात आणि हाक मारली की आत जातात. त्यांच्या सासूबाई आज येथे समोर बसल्या आहेत. मी नावे घेणार नाही. मीही परवापरवापर्यंत त्यांच्यातलीच होते, म्हणून रागाने नव्हे, ओळखीने सांगते: एकदा पाठवून पाहा.

कार्यकारिणीला माझ्या दोनच विनंत्या आहेत. यंदाच्या शिलकीतून एक नायलॉनची जाळी आणि चार रॅकेटी घ्याव्यात, म्हणजे लुगड्याला विश्रांती मिळेल. आणि प्रत्येक सभासद भगिनीने येत्या सोमवारी घरातली एक तरी अशी बाई सोबत आणावी, जिला काहीही झालेले नाही. सोयाबीनच्या सोंगणीत गुंतलेल्यांना तेवढ्यापुरती सूट आहे. येताना चपला नकोत, बूट घाला, कारण जमीन उंचसखल आहे.

सोमवारी साडेपाचला भेटू. रांगोळीचा डबा मी आणते.