कासवीची दृष्टी

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



निवृत्तीनंतरच्या अनुभवांवर बोला, असं मला सांगितलं आहे. मी फक्त एका रात्रीबद्दल बोलणार आहे.

फेब्रुवारी २०२४. मुलीचं शिक्षणासाठी जर्मनीला जायचं ठरलं होतं. पहिले दोन महिने आपणही तिच्याजवळ राहावं, असं हिचं म्हणणं, मुलगी ऐकेना. मी मधल्यामध्ये. झोप येईना म्हणून रात्री अकराच्या सुमाराला नीलांगरैच्या किनाऱ्यावर गेलो. वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला, आणि त्याच्या टोकाला एक कासवी.

ऑलिव्ह रिडले जातीची. मागच्या पायांनी ओंजळीसारखी वाळू उपसून तिनं खड्डा केला. शंभराच्या आसपास अंडी घातली, वाळू लोटली, अंग आपटून ती घट्ट बसवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते रडणं नव्हे, अंगातलं जास्तीचं मीठ असं बाहेर पडतं, हे मला मागाहून कळलं. मग ती वळली आणि समुद्रात गेली. मागे पाहिलं नाही.

आपल्या संतवाङ्मयात कासवीच्या दृष्टीचा दाखला वारंवार येतो. ती नुसत्या नजरेनं पिलांना पोसते म्हणे. प्रत्यक्षात ती पिलांचं तोंडही पाहत नाही. पिलं दीड-दोन महिन्यांनी निघतात, तोवर ती कुठच्या कुठे गेलेली असते.

थोड्याच वेळात काही कॉलेजची मुलं चालत आली. स्टूडंट्स सी टर्टल कन्झर्व्हेशन नेटवर्क या नावानं १९८८ पासून इथले विद्यार्थी मोसमात रात्र-रात्र किनारा पालथा घालतात. त्यांनी अंडी हलक्या हातानं काढून संरक्षित जागी पुरायला नेली. कशासाठी, विचारलं. एक मुलगा म्हणाला, "सार, पिलं उजेडाकडे जातात. पूर्वी रात्री समुद्राकडेच उजेड असायचा. आता रस्त्याकडे असतो." आईनं जागा नीट पाहिली होती, पण रस्त्यावरचे दिवे तिच्या हिशेबात कुठून येणार?

मला आमच्या मामी आठवल्या. १९८६ साली मी गुहागरजवळच्या गावातून मद्रासला आलो, तेव्हा तमिळचं अक्षर कळत नव्हतं. आईनं डबा बांधून गाडीत बसवलं, इतकंच तिच्या हातात होतं. पुढे कावीळ झाली तेव्हा घरमालकीण मामींनी तीन आठवडे पथ्याचं जेवण वर आणून दिलं. आईनं मामींना कधी पाहिलं नाही.

एप्रिलमध्ये पिलं सोडताना हिला घेऊन गेलो. ती मुलं पिलांना पाण्यात नेऊन ठेवत नाहीत. वाळूवर सोडतात आणि चालू देतात. एक पिलू लाटेनं तीनदा मागे फेकलं. हिचा हात पुढे झाला, पण तिचा तिनंच आवरला. घरी येताना दोघं काही बोललो नाही.

पुढचं सगळं गोड नाही. जानेवारी २०२५ मध्ये याच किनाऱ्यावर शेकडो कासवं मरून वाहून आली. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलं की गुदमरतं. त्याच सुमाराला गावाकडून वेगळी बातमी आली. २०२१ मध्ये ओडिशात खुणेची पट्टी लावलेली एक कासवी गुहागरला अंडी घालताना सापडली. मादी ठरल्या किनाऱ्याकडेच परतते असं आपण ऐकतो. ही पूर्वेकडून पश्चिमेला गेली. आपल्या बरोबर उलट!

मुलगी एकटीच गेली. कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा, हे तळमजल्यावरच्या एक आजीबाई तिला दाराशी उभ्या राहून शिकवतात. ही त्यांना "जर्मन मामी" म्हणते.

मोसम जानेवारी ते एप्रिल असतो. ज्यांना रात्री चालायला यायचं असेल त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटा. चार-सहा तास वाळूत चालायची तयारी हवी, आणि मोबाइलचा दिवा बंद.